उलटे चालणारे मास्तर

"शेवट होऊ द्या हो मालक, मग बोला." मास्तर हे म्हणायचे तेव्हा त्यांचा उजवा हात वर असायचा आणि पाय मागे मागे पडत असायचे.

वरातीत बँडच्या पुढे, बँडकडे तोंड करून उलटा चालणारा माणूस तुम्हीही पाहिला असेल. पडेगावच्या आमच्या बँडचा तो माणूस म्हणजे मास्तर. मी पहिल्या रांगेत क्लॅरनेट वाजवायचो. सगळा जन्म उलटं चालून यांना दिसतं तरी काय, याचं मला भारी कुतूहल. एकदा विचारलंच.

"तुमचे गाल दिसतात," ते म्हणाले. "कोण फुंकतंय अन् कोण नुसतंच फुगवतंय, समदं कळतं."

त्यांचं दुखणं एकच. वरातीत गाणं कधी पुरं होत नाही. नवऱ्याचा मित्र मध्येच येऊन दुसऱ्या गाण्याची फर्माईश करतो, नाहीतर मांडव येतो. मास्तरांनी स्वतः एक धून बांधली होती. तिच्या शेवटी सगळ्यांनी एक सूर धरायचा आणि त्यांचा हात खाली आला की एकदम थांबायचं. तालमीत जमायचं. रस्त्यावर आम्ही तिथवर कधी पोचलोच नाही. "आज बी शेवट राहिला," म्हणत ते टोपी काढायचे. वाईट वाटायचं.

एकदा मात्र गंमत झाली. हर्सूलच्या रस्त्याला दोन लॉन शेजारी शेजारी. नवऱ्याची घोडी मागं अडून बसली, नाचणारेही तिच्यापाशीच राहिले. मास्तर आमच्याकडे बघतायत, आम्ही त्यांच्या हाताकडे, रस्त्याकडे बघतंय कोण? आख्खा बँड भलत्याच लग्नात शिरला. तिथली नवरीची आई आरतीचं ताट घेऊन आमच्यात नवरा शोधू लागली. चूक मास्तरांच्याही ध्यानात आली असणार, कारण ते हसत होते. पण हात चालूच. मध्ये तोंड घालायला ओळखीचं कोणी नव्हतं. धून शेवटाला गेली, हात खाली आला, आम्ही थांबलो.

"झालं बाबा एकदाचं." मग त्या बाईंना हात जोडून म्हणाले, "माफ करा माय, आमचा नवरा शेजारच्या मांडवातला हाय."

गेल्या हिवाळ्यात मास्तर गेले. त्यांच्या अंत्ययात्रेपुढे आम्ही तीच धून वाजवली. कोणी अडवलं नाही, कोणी फर्माईश केली नाही. शेवटचा सूर आला, सगळ्यांनी धरला आणि सवयीनं समोर पाहिलं. समोर नुसता रस्ता होता. हात खाली येईना, म्हणून दम पुरेल तोवर आम्ही वाजवत राहिलो.