रुमालात बांधलेला प्रसाद

इथल्या मराठी मंडळातल्या एका मुलीला तिच्या जपानी शेजारणीने चर्चला बोलावलंय. परवा फोनवर विचारत होती, "काकू, तुम्ही गेला होतात ना? काय असतं हो तिथे? काय घालून जायचं? आपलं काही चुकलं तर?" मी म्हटलं, "काही चुकत नाही गं, खुशाल जा." फोन ठेवला आणि वाटलं, आपण खोटं बोललो. म्हणून हे लिहायला बसले. लिहायची मला सवय नाही, बोलते तसंच लिहिते.

आम्ही दोघं नागोयाला मुलाकडे आलो ते तीन महिन्यांसाठी. दुसऱ्याच महिन्यात ह्यांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, बोलणं गेलं आणि गिळणंही गेलं. नाकात नळी घातली. पलंगाच्या डोक्याशी एक पाटी लावली होती. मी नातीला विचारलं, काय लिहिलंय? तिने आधी जपानीत वाचलं, मग इंग्रजीत सांगितलं, तोंडाने काही द्यायचं नाही. पाणीसुद्धा नाही. नर्स काडीला लावलेला ओला स्पंज ओठांवरून फिरवायची, तेवढाच ओलावा.

आता ह्यांचं एक सांगितलं पाहिजे. हे कधी देवळात आले नाहीत. बेचाळीस वर्षांत नाही. पण मी देवळातून आले की खुर्चीतूनच विचारायचे, "काय पाठवलंय?" मी म्हणायची, "देवाला भेटायला जायला नको, प्रसाद मात्र हवा." तर म्हणायचे, "मी कशाला जाऊ? त्याला माझी आठवण असेल तर पाठवेल. साखर जरा जास्त घालून पाठव म्हणावं." साखरफुटाणा असो, केळ्याची चकती असो, ह्यांच्या हातावर ठेवल्याशिवाय मी कधी तोंडात टाकलं नाही.

आमच्या मजल्यावर एक म्हाताऱ्या बाई राहतात. कचऱ्याच्या पिशव्या कुठल्या वारी कुठल्या, हे त्यांनीच मला हातवारे करून शिकवलं. थोडं इंग्रजी त्यांना येतं, थोडं मला. ह्यांचं कळल्यावर एका शनिवारी दारात आल्या आणि म्हणाल्या, "उद्या माझ्या चर्चला या. आजाऱ्यांची नावं घेऊन प्रार्थना करतात." त्यांचं चर्च अँग्लिकन. अमेरिकेत त्यालाच एपिस्कोपल म्हणतात म्हणे. मुलगा म्हणाला, "जा आई, चार माणसांत बसशील." सून म्हणाली, "पण आई, तुम्ही तिथे सगळ्यांशी बोलत बसू नका हं." मी म्हटलं, "कुठल्या भाषेत बोलू?"

तर असं असतं. दारात बूट काढायचे आणि सपाता घालायच्या. मला बरं वाटलं, देवळासारखंच. आत लाकडी बाकं. हातात दोन पुस्तकं देतात, एक प्रार्थनेचं, एक गाण्याचं, शिवाय एक छापील कागद. कळत काहीच नाही. शेजारीणबाई पान उघडून ओळीवर बोट ठेवायच्या, मी आपली बोटाकडे बघायची. उभं राहायचं, बसायचं, मग पुन्हा उभं. गुडघ्यांचं काय व्हायचं ते होतं, पण म्हाताऱ्यांना बसून राहिलं तरी चालतं. आणि तिथे सगळे म्हातारेच. वीसेक माणसं असतील. पाद्री एक बाई होत्या, पिकलेले आखूड केस, पांढरा झगा, त्यावर हिरवा पट्टा. बाईमाणूस पूजा सांगतेय, ह्याचंच मला अर्धा वेळ नवल.

मग नावं वाचली. ह्यांचं नाव त्यांनी जपानी पद्धतीने तोडून तोडून, पुढे आपल्या 'राव'सारखं मानाचं सान लावून घेतलं. सगळे एकदम काहीतरी म्हणाले. हॉस्पिटलात हे एक खाट होते, इथे वीस माणसांत त्यांना सान म्हटलं. मला भरून आलं.

मध्येच सगळे एकमेकांकडे वळून वाकतात, शांती असो असं म्हणतात. मीही चहूकडे वाकले. त्यानंतर प्रसादाची वेळ. रांगेने पुढे जायचं, कठड्यापाशी गुडघे टेकायचे. पाद्रीबाई एकेकाच्या हातावर पातळ गोल पापडी ठेवतात, नाण्याएवढी, पांढरीशुभ्र. मागून पेला येतो द्राक्षाच्या दारूचा. एकच पेला, सगळ्यांचं तोंड त्यालाच. उष्ट्याचं आपल्याला माहीतच आहे, मी ठरवलं होतं पेला नको.

शेजारीणबाईंनी मला आधीच सांगितलं होतं. बाप्तिस्मा झालेला नसेल तर दोन्ही हात छातीशी दुमडायचे, पाद्रीबाई डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. मी हो हो म्हटलं होतं. गुडघे टेकले तेव्हा हात दुमडलेलेच होते. पण ताट समोर आलं आणि डाव्यावर उजवा ठेवून हात आपोआप पुढे गेला. साठ वर्षांची सवय. पाद्रीबाई क्षणभर थांबल्या. मग पापडी ठेवली.

मी ती कपाळाला लावली आणि जागेवर येऊन रुमालात बांधली.

शेजारीणबाईंनी पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. हळूच म्हणाल्या, "खा. इथेच. प्लीज." मी म्हटलं, "हजबंड. हॉस्पिटल." त्यांनी मान हलवली, नाही. मी रुमाल पर्समध्ये टाकून पर्स मांडीवर धरली. पुढची सगळी गाणी मी तशीच बसून ऐकली.

सगळं संपल्यावर चहा असतो. बिस्किटं असतात, नव्या माणसाला उभं करून टाळ्या वाजवतात. पण त्याआधी पाद्रीबाई माझ्यापाशी आल्या आणि चक्क जमिनीवर गुडघ्यांवर बसल्या. त्या जपानीत बोलायच्या, शेजारीणबाई इंग्रजीत सांगायच्या. ते बाहेर नेता येत नाही. आम्ही त्याला देवाचं शरीर मानतो. तुम्ही खा, नाहीतर मला परत द्या. चूक माझी आहे, मी तुमच्या हातावर ठेवायला नको होतं. मी तुमच्या यजमानांकडे येईन, प्रार्थना करीन.

मी विचारलं, "आलात तर त्यांना हे द्याल?"

शेजारीणबाईंनी ते सांगितलं. पाद्रीबाईंनी रुमालाकडे पाहिलं. मग विचारलं, "ते गिळू शकतात?"

पाटी मला माहीत होती. देवळातून घरी निघाल्यासारखा रुमाल बांधला होता मी, पण त्याच्या पुढचा विचारच केला नव्हता. आणि स्वतः खायचं म्हणाल, तर ह्यांच्या आधी मी कसं खाणार? गाठ सोडली. पापडीचा एक कडेचा तुकडा मोडला होता. त्यांनी पापडी घेतली, रुमालावरचा कण न् कण बोटाने टिपला आणि माझ्यासमोर सगळं खाल्लं. मग कपाळ जमिनीला लागेल इतक्या वाकल्या. रागवावं असं कोणीच नव्हतं तिथे.

दुपारी हॉस्पिटलात गेले. ह्यांना सगळं सांगितलं, बाई पूजा सांगते, सपाता असतात, तुम्हाला सान म्हणाले. उजवा डोळा माझ्याकडे होता. तो माझ्या हाताकडे गेला, हे मी शपथेवर सांगते. मुलगा म्हणतो, आई, तसं काही नसतं, त्यांना समजत नव्हतं. नसेल. मी स्पंज ओला केला आणि ओठांवरून फिरवला. बाकी हातात काही नव्हतं.

पाद्रीबाई दोनदा येऊन गेल्या. काही उपयोग झाला नाही. तिसऱ्या आठवड्यात शुक्रवारी पहाटे हे गेले.

त्या रविवारी सुतक होतं, मी कुठेच गेले नाही. शेजारीणबाईंनी चर्चचा छापील कागद आणून दिला आणि दारातूनच वाकून गेल्या. तो गुरुवारीच छापून झाला होता म्हणे. नातीने कागद हातात घेतला, बोट ठेवून ह्यांचं नाव वाचलं. म्हणाली, "आजी, आजोबा इथे आहेत. आजाऱ्यांमध्ये. लवकर बरे व्हावेत असं लिहिलंय."

सून तिला आत घेऊन गेली. मी कागदाची घडी केली. तो रुमाल अजून धुतलेला नव्हता, त्यातच बांधून ठेवला.