साडूभाऊंची गोधडी

सूर्याशी घरगुती भांडण असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. भाईंदर पूर्वेला, खारी गावाच्या मागे, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून ते राहायचे. निवृत्तीनंतर लोक यात्रा करतात, बागकाम करतात. साडूभाऊंनी वातावरण का तापतंय हे लोकांना समजावणं हाती घेतलं. ऐकणारा कोण, याची त्यांना फिकीर नसे. पालीच्या कोळीवाड्याहून मासे घेऊन येणाऱ्या बाईलाही एकदा त्यांनी कार्बन समजावला. ती म्हणाली, "दादा, तुझा सूर्य राहू दे, माझा बर्फ वितळतोय. पापलेट घ्यायचं हाय का न्हाय?" रिक्षावाला तर सरळ म्हणायचा, "अंकल, उतरो, फिर समझाओ."

उरलो मी. दर रविवारी दुपारी ते आमच्या काचबंद गॅलरीत बसत, सरकत्या काचा लावत, पंखा बंद करत आणि भर मे महिन्यात आमची जाड गोधडी अंगावर ओढून विचारत, "सांगा साडू, हिच्यात चूल आहे का?"

"नाही."

"मग ऊब कुठली?"

"आपलीच."

"बरोब्बर!" घाम पुसत ते खूश होत. आतून बायको ओरडे, "भाऊजी, घेरी येईल हो!" आणि मग दोनच मिनिटांत त्यांचा चेहरा पडे. "पण गोधडी वारा अडवते. काचही वाराच अडवते. आकाशात वारा मोकळा. मग अडवतंय कोण?" असं म्हणून ते माझ्याकडे असे बघत, जणू मीच काहीतरी लपवतोय. मग पुन्हा पहिल्यापासून: ऊन हवेतून सरळ खाली येतं, जमीन तापते, तापलेली जमीन न दिसणारी आच वर सोडते, ती आच हवेतली वाफ आणि कार्बन गिळतात आणि चहूकडे फेकतात, थोडी वर, थोडी परत आपल्याच डोक्यावर. "कळलं?"

मी मुळात कमी बोलणारा. 'कळलं' म्हटलं की पंखा लागे, चहा येई. म्हणून वर्षानुवर्षं मी 'कळलं' म्हणत आलो, आणि दर वेळी मनात काहीतरी टोचत राहिलं.

मुलाकडे नागपूरला कायमचं जायच्या आदल्या रविवारीही त्यांनी गोधडी ओढली. "शेवटचं विचारतो. कळलं?" या वेळी मात्र तोंडातून खरं निघून गेलं. "नाही हो साडूभाऊ. वाफ आणि कार्बन येणाऱ्या उन्हाला सोडतात आणि जाणाऱ्या आचेलाच का धरतात, हे मला एकदाही कळलेलं नाही."

ते रागावतील असं वाटलं. त्यांनी गोधडी हळूच खांद्यावरून उतरवली. "अहो, मी तिथेच तर अडतो!" ते म्हणाले. "तुम्हाला कळलंय, म्हणजे आपलं सांगणं बरोबर असणार, या धीरावर मी येत होतो."

त्या दिवशी चहा कोणालाच गोड लागला नाही.

आता रविवारी गॅलरीत मी एकटा असतो. ऊन कलतं तरी फरशी तळव्यांना गरमच लागते. परवा न राहवून नागपूरला फोन लावला. म्हटलं, "साडूभाऊ, अजून कळत नाहीये हो. परत सांगता?"

 पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"थांबा हं, आधी पंखा बंद करून येतो."