काळुरामदादाचे चकचकीत बोल्ट

आमच्या काळुरामदादाचं गंजाशी हाडवैर. सगळं आयुष्य खाडीकाठी गेलं त्याचं. खिडकीचे गज, पंपाचे नट, खाटेचे पाय, खाऱ्या वाऱ्याने काहीच सोडलं नाय. म्हणून हा माणूस मिळेल तिथे न गंजणारं स्टील बसवतो. होडीला स्टील, गेटला स्टील, बायकोच्या शिलाई मशीनलासुद्धा स्टील! पेणला हायवेलगत त्याचं गॅरेज आणि शेजारी माझं स्पेअर पार्टचं दुकान. "अनिता, एक स्टीलचा बोल्ट दे गो," हे ऐकून ऐकून माझं डोकं उठतं. पण कामाला वाघ. त्याने आवळलेला नट सुटलेला मी तरी पाहिला नव्हता.

नात झाल्यापासून त्याने जावयाच्या मागे टुमणं लावलं होतं, गाडीला मोठे ब्रेक बसव. शेवटी त्या रविवारी साईराज रोह्याहून गाडी घेऊन आला, सोबत दादाची लेक प्रणिता आणि छोटी किमया. नवे ब्रेक खोक्यातून निघाले, चाकामागची डिस्क परातीएवढी. सकाळभर दादा खाली पडून होता. आटे ब्रशने साफ केले, बोल्ट सुटू नयेत म्हणून त्यांना गोंद लावला, जोर मोजणाऱ्या पान्याने आवळले, वर पिवळ्या रंगाची रेघ ओढली, म्हणजे बोल्ट हलला तर कळावं. गल्लीत एक फेरी मारली. जेवण करून मंडळी रोह्याला निघाली.

मग दादा माझ्या दुकानात आला आणि काउंटरवर चार काळे बोल्ट ठेवले.

"हे घे. खोक्यात आलेले. आताच तांबूस पडलेत बघ. कोणाला तरी दे."

मी एक उचलला. डोक्यावर दहा पॉइंट नऊ कोरलेलं, हा बोल्टच्या ताकदीचा आकडा. मी तो उजेडात धरून पुन्हा वाचला.

"मग ब्रेक कशावर धरलेत?"

"स्टीलवर. माझ्याकडचे, नवे कोरे."

"अरे देवा! दादा, तुझं स्टील गंजत नाय, पण ह्या काळ्यांपुढे मऊ असतं! हे काळे मुद्दाम कडक केलेले असतात."

"होडीला इतकी वर्षं टिकलं ते?"

"होडीला ब्रेक असतो का रे?"

 मी साईराजला फोन लावला, उचलला नाय. प्रणिताचा बंद. दादाने बाइकला किक मारली आणि मी शटर ओढून मागे बसले.

वडखळ गेलं. रस्त्याकडेला चार माणसं उभी दिसली की मी मान वळवून त्यांच्यात आपली गाडी शोधायचे. पुढे नागोठण्यापलीकडे भिसे खिंड, आणि खिंडीच्या उताराला सगळा भार ब्रेकवर. दादा वाटेत एकदाच बोलला.

"आवळताना पाना जरा जास्तच फिरला गो. मला वाटलं, आटे बसतायत."

आटे बसत नव्हते, बोल्ट ताणला जात होता. हे त्यालाही कळलं होतं. नुसती त्याची पाठ बघत बसले, आणि मला त्याची चीड येत होती, आणि रडूही.

नागोठणं सुटल्यावर, खिंडीच्या अलीकडे, गाडी कडेला उभी दिसली. किमयाने ओकारी काढली होती आणि प्रणिता तिचं तोंड धूत होती. दादा कुणाशी न बोलता चाकाशी आडवा झाला. डाव्या चाकाचा एक बोल्ट गायब. दुसरा त्याच्या बोटांनीच सुटून आला, वाकलेला, चिंगमसारखा ताणलेला.

"वडखळपासून टकटक वाजत होतं," साईराज म्हणाला. "मी म्हणत होतो थांबू या, बघू या. ही ऐकेल तर ना!"

प्रणिता हसली. "अहो, बाबांनी बसवलेत. दुसऱ्या कुणी बसवले असते, तर मीच गाडी थांबवली असती."

"हसू नको गो!" मी एवढ्या जोराने ओरडले की किमया रडायला लागली.

दादा उठलाच नाय. तिथेच खडीवर बसून राहिला. साईराजने विचारलं, बाबा, नागोठण्यातून दुसरे बोल्ट आणू का, तुम्ही इथेच बसवाल का.

"रोह्याचा मेकॅनिक बोलव," दादा म्हणाला. "पोरीच्या गाडीला माझा हात नको."