गाडी कुठवर आली?

आमचं स्टेशन पूर्ण्याच्या अलीकडचं, लहानसं. नांदेडकडून येणारी सकाळची पॅसेंजर धरून आम्ही पंचवीस-तीस जण रोज परभणीला नोकरीला जातो. मी तिथं एका शाळेत शिकवते. आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे आणि त्याचे ॲडमिन एका कचेरीत मोठे बाबू आहेत. गेल्या वर्षी त्यांनी मोटारसायकल घेतली, तेव्हापासून त्यांनी रेल्वेत पाऊल ठेवलेलं नाही. ग्रुप मात्र सोडवत नाही. उंटावरून शेळ्या हाकायला मोटारसायकलही चालते, हे मला तेव्हा कळलं.

गाडी कधी वेळेवर येते, कधी मालगाडीमागं अडकते. म्हणून रोज कुणीतरी ग्रुपवर विचारायचं, गाडी कुठवर आली? नांदेडला चढणारे एक काका आहेत, ते एका शब्दात सांगायचे, 'सुटली'. नाहीतर, 'उभी'. तेवढ्यावर आम्ही चहा दुसऱ्यांदा घ्यायचा का चपला घालायच्या ते ठरवायचो.

दिवाळीनंतर एक नवी मुलगी ग्रुपात आली. परभणीला कापडाच्या दुकानात लागलेली. मालकानं पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, आणखी एकदा उशीर झाला तर घरीच बस. त्यामुळं ती रोज विचारायची. 'उभी' असं उत्तर आलं की ती पळत डांबरी रस्त्यावर जाऊन एसटी धरायची.

ॲडमिनना त्याचा फार त्रास झाला. ग्रुपवर पहाटेपासून गुलाबाची फुलं, सुविचार, गुडघेदुखीवरचा काढा आणि कुणाच्या तरी भाच्याचा वाढदिवस येतो, त्याचा नाही झाला. त्यांनी नियमावली टाकली: तोच तो प्रश्न विचारू नये, ॲप बघावं, आधीचे मेसेज वाचावेत. आता कालची 'सुटली' आज वाचून काय करायचं, लोणचं? पण आमच्याकडं नियम सगळ्यांना आवडतो, दुसऱ्याला लागू असला की फारच. पटापट अंगठे आले. परभणीच्या स्टँडवर पाटी वाचून, वर तीन माणसांना 'ही मानवतला जाती का' असं विचारून, परत कंडक्टरला विचारणारी ही माणसं.

त्या पोरीनं तेवढं लिहिलं, "दादा, प्रश्न जुनाच हाय, पण गाडी रोज नवी असती." ॲडमिननी तो मेसेज काढून टाकला.

मग ग्रुप शिस्तीचा झाला. एका सकाळी ॲपवर गाडी वेळेवर दिसत होती. आम्ही सगळे फलाटावर, ती मुलगीही. गाडी येईना. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याला माहीत असेल. शेवटी मी न राहवून काकांना फोन लावला. ते नांदेडलाच, उभ्या गाडीत बसून होते. इंजिन बिघडलं होतं. म्हटलं, कळवलं का नाही?

"कोणी इचारलंच न्हाई," काका म्हणाले. "नियम हाय ना, म्हून गप बसलो."

तोवर एसटी गेली होती. जीपमध्ये कोंबून घेऊन परभणीला पोचलो. मी तिच्यासोबत दुकानापर्यंत गेले, तर तिथं दुसरीच मुलगी साड्यांच्या घड्या घालत होती. आमची पोर पायरीवरूनच माघारी फिरली. तिचं तोंड बघून माझा असा संताप झाला की मी ग्रुपवर ॲडमिनना उद्देशून जे लिहिलं, ते कुठल्याही शिक्षिकेला शोभणारं नव्हतं. त्यांनी लगेच ग्रुपवर फक्त ॲडमिनच लिहू शकतील, अशी सोय करून टाकली.

आता ग्रुपवर शुद्ध सुविचार उरले. मुलीला पुढं एका मेडिकलमध्ये काम मिळालं, पगार आधीपेक्षा कमी. रोज सकाळी काकांना ती फोन करते आणि फलाटावर सगळ्यांना सांगते.

मागच्या आठवड्यात आम्ही असेच उभे होतो आणि ग्रुपवर ॲडमिनचा मेसेज आला. मोटारसायकल बंद पडली होती, कचेरीत मोठे साहेब येणार होते. लिहिलं होतं, 'गाडी कुठवर आली? कृपया लवकर सांगावे.'

सगळ्यांनी वाचलं. उत्तर कुणालाच देता येईना. लिहायची जागाच त्यांनी बंद केलेली. फलाटावर हशा पिकला. कुणी म्हणालं, ॲप बघा म्हणावं. मीही म्हणाले, करू द्या थोडी धावपळ, हाडं मोकळी होतील. ती मुलगी हसली नाही. तिनं ग्रुपातून त्यांचा नंबर काढला आणि फोन लावला.

"दादा, गाडी आत्ताच सुटली नांदेडहून. या सावकाश, सापडती." मग म्हणाली, "आन उद्या गरज लागली तर उद्या बी इचारा. आमाला राग न्हाई येत."