पत्रकातली घोडी

मी सकाळी साडेपाचला उठते. यात कौतुक काही नाही. सहा वाजले की आमच्या देवपुरातल्या बागेतली व्यायामाची यंत्रं पुरुष मंडळींच्या ताब्यात जातात. ते त्यांवर व्यायाम करत नाहीत, बसून गप्पा मारतात. पाय ढकलायच्या यंत्रावर एक निवृत्त गृहस्थ रोज पेपर वाचतात. उठा म्हटलं तर "बेटा, पाच मिनिटं" म्हणतात आणि पान उलटतात. शेजारी उद्घाटनाची पाटी आहे. ती कुठल्याही यंत्रापेक्षा धडधाकट आहे. यावर मी एक पत्रक काढलं होतं. गृहस्थांनी तेही त्याच यंत्रावर बसून वाचलं.

तेव्हा सहापर्यंत जमेल तेवढं बागेत, बाकी व्यायाम गच्चीवर. बारा सूर्यनमस्कार, तीनशे दोरीच्या उड्या, मग बिनसाखरेचा चहा आणि भिजवलेले शेंगदाणे. नऊ वाजता छापखाना. तिथं मी लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवते, आणि संध्याकाळी त्याच संगणकावर आमच्या कार्यकर्त्यांच्या गटाची पत्रकं. सात-आठ वर्षं असंच चाललं आहे आणि मला ते आवडतं. गेल्या हिवाळ्यात यात घोडी आली, ती एका चुकीच्या ओळीमुळे.

आमच्याकडे वरातीत घोडी नाचवतात. नवरदेव पाठीवर, पुढे डीजे, आणि हौस जास्त असली तर दारात खाट टाकून घोडीला चारी पायांनी त्या खाटेवर चढवतात. ती वर उभी राहून पाय आपटते, लोक मोबाईल वर करतात. मला हे लहानपणापासून बघवत नाही. तुळशीच्या लग्नाआधी, म्हणजे मुहूर्त सुरू व्हायच्या आधी, मी त्याविरुद्ध पत्रक लिहिलं.

पत्रक लिहायची एक रीत मला शिकवली गेली आहे. पहिल्या ओळीत प्रश्न, दुसऱ्या ओळीत आरोप, तिसरी ओळ झोंबली पाहिजे. माझी तिसरी ओळ अशी होती: "घोडीला नाचायला शिकवण्यासाठी तिला तापलेल्या पत्र्यावर उभं करतात." ही माहिती मला जळगावच्या एका कार्यकर्त्यानं फोनवर दिली होती. तो म्हणाला होता, "असं म्हणतात." मी कच्च्या मसुद्यात ते 'असं म्हणतात' लिहिलं होतं. छापताना काढलं. ओळ ढिली पडत होती.

पत्रक वाटल्याच्या तिसऱ्या दिवशी छापखान्यात एक म्हातारे गृहस्थ आले. पांढरी टोपी, गुडघ्याला पट्टा. देवपुरात नदीकाठी त्यांची वरातीची घोडी असते, सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांनी पत्रक माझ्या टेबलावर ठेवलं.

"पोरी, हाई तू लिखं का?"

मी हो म्हटलं. भांडणाची माझी तयारी होती.

"तू देखं का?"

"काय?"

"पत्रा. तापेल पत्रा."

मी म्हटलं, मी नाही पाहिला, पण माहिती पक्की आहे.

"देखं नही अन् लिखी टाकं," आबा म्हणाले. आवाज चढवला नाही. "सकायले ये. घोडीना पाय देख."

मी गेले. पुरावा सापडला तर दुसरं पत्रक निघेल, हा हिशोब होता. आबांनी घोडीचा एकेक खूर उचलून दाखवला. मला खुरातलं काही कळत नाही, हे त्यांना पहिल्या मिनिटात कळलं. ते म्हणाले, एका दिवसात नाही समजणार, रोज ये. मी रोज गेले. त्यांच्याकडे एक तरुण घोडी शिकायला आली होती. तिला ते अंगणात बांधून हलगी वाजवायचे, पाय उचलला की गुळाचा खडा द्यायचे, नाही उचलला तर शिव्या. पत्रा गोठ्याच्या छपराला होता, तेवढाच.

आठवडाभरानं आबा म्हणाले, "खालथीन घोडी समजत नही. वर बठ."

त्यांना माझ्या शिक्षणाची एवढी काळजी नव्हती. मुलगा सुरतेला, स्वतःचा गुडघा गेलेला, आणि वरातीची घोडी रोज फिरवली नाही तर तिचे पाय सुजतात. मला हे कळत होतं आणि माझी हरकत नव्हती.

पहिल्या दिवशी मी दोनदा घसरले आणि नंतर चार दिवस छापखान्याचा जिना रेलिंग धरून चढले. दोरीच्या उड्यांना माहीत नसलेले स्नायू मांडीत असतात. मी लगाम ओढून धरायची, तर आबा खालून ओरडायचे, "तिनं तोंड सोड. कंबर ढिली कर. घाबरस कसाले? तिले तू बठेल शे हाई बी माहीत नही." पंधरवड्यानं दुडकी चाल जमली. घोडी वर फेकते तेव्हा वर जायचं, खाली येते तेव्हा खाली, बस, एवढंच. पण ते जमतं तेव्हा डोक्यात एकही वाक्य नसतं. माझ्या डोक्यात कायम वाक्यं असतात, तेव्हा हे मला मोठं वाटलं.

पांझरेच्या काठानं आम्ही जायचो. डिसेंबरातली थंडी, नदीत होतं तेवढं पाणी, घोडीच्या नाकातून वाफ. वरून लोकांची अंगणं दिसायची: कोण दात घासतंय, कोणी पापड अजून उचलले नाहीत. आणखी एक गोष्ट होती. रस्त्यानं चालणाऱ्या बाईकडे लोक वरून खाली बघतात. घोडीवरच्या बाईकडे त्यांना मान वर करून बघावं लागतं. मला याचा आनंद व्हायचा आणि अजूनही मी त्याबद्दल माफी मागत नाही.

पौष संपून मुहूर्त पुन्हा सुरू झाले. एका सकाळी गेले तर वरातीचा साज, कपाळावरचे गोंडे, पायातले घुंगरू, सगळं खुंटीवर जसंच्या तसं. आदल्या दिवशी मोठा मुहूर्त होता. छापखान्यातून त्या एका तारखेच्या पत्रिका मीच ढिगानं काढल्या होत्या.

"आबा, काल वरात नव्हती?"

"वराती गावभर होत्यात. घोडी घर होती."

मग त्यांनी मोबाईल पुढे केला. माझ्या पत्रकाचा फोटो. कुणीतरी तिसऱ्या ओळीभोवती लाल गोल काढला होता आणि खाली आबांचं नाव टाकून लिहिलं होतं, अशांची घोडी बोलवू नका. तो फोटो गावोगाव फिरला होता. ठरलेली लग्नं मोडली नव्हती, पण त्यांतली घोडीची बोलणी एकामागून एक मोडली होती. एरंडोलचं घर तर आबांकडे तीन पिढ्यांपासून येणारं. त्यांनीही नाही कळवलं होतं. आबा मला दोन महिने रोज घोडीवर बसवत होते आणि यातलं एक अक्षर बोलले नव्हते.

त्या दिवशी मी घोडी फिरवली नाही. संध्याकाळी गटाच्या बैठकीत म्हटलं, आपण चूक दुरुस्त करू, वेगळं पत्रक काढू.

आमच्या गटातले वयानं मोठे असलेले दादा म्हणाले, "खाटेवर नाचवणं बरोबर आहे का?"

"नाही."

"मग मुद्दा बरोबर आहे. तपशील इकडेतिकडे होतो."

"तपशिलानं त्यांचं काम गेलं, दादा."

"पुढच्या पत्रकात शेवटी एक ओळ टाकू. बारीक अक्षरात." आणि वर, "तू रोज त्यांच्या घोडीवर बसतेस म्हणे. लोक काय म्हणतील? फुकट सवारी मिळाली, बाई फिरली."

हे खरं होतं. म्हणजे लोक हेच म्हणणार होते. मला राग दादांचा आला नाही, त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे याचा आला. रात्री घरी बसून मी पत्रक लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी गटाच्या नावाशिवाय, माझ्या नावानं छापलं. त्यात तीन गोष्टी होत्या. पत्र्याची ओळ मी न बघता लिहिली, ती खोटी आहे. मी या घोडीवर रोज फुकट बसत होते, आजपासून बसणार नाही. आणि जे मी पौषाआधी आबांच्या एका वरातीत डोळ्यांनी पाहिलं ते: वरातीत घोडीच्या तोंडात काटेरी लगाम घालतात, त्यानं जिभेला जखम होते, आणि ते डीजेमुळे घालतात, कारण त्या आवाजात साध्या लगामानं ती आवरत नाही.

आबांनी ते उभ्या उभ्या वाचलं. दोनदा वाचलं.

"एक काढं, दुसरं घालं," ते म्हणाले.

"खोटं आहे का?"

"नही." मग टोपी काढून डोकं खाजवलं. "एरंडोलले येशी का माझ्यासंगे? मी सांगेल तर ते म्हणतीन, हा काय, आपलंच सांगीन."

आम्ही बसनं गेलो. पारोळ्यापर्यंत आबा झोपले होते. एरंडोलच्या घरी नवरदेवाचे आजोबा होते, त्यांना सगळे नाना म्हणत, आणि नवरदेवाची आत्या. मी पत्रक दिलं आणि तोंडानंही सांगितलं: ती ओळ मी लिहिली, मी पाहिलं नव्हतं.

आत्यानं चष्मा लावून वाचलं. "म्हणजे तुम्ही न बघता लिहिलं, आणि आम्ही न बघता मानलं," ती म्हणाली. "बरोबरी झाली की, ताई. शिकल्या-सवरलेल्या तुम्ही, आणि इतक्या वर्षांपासून या माणसाला ओळखणारे आम्ही."

नानांनी विचारलं, "आता बघून काय लिहिलं?"

मी काट्यांचं वाचून दाखवलं. आबा छताकडे बघत होते.

"खरं शे का?" नानांनी त्यांना विचारलं.

"खरं शे. डीजे लावतस, तवयच घालस मी."

मग आत्या म्हणाली, पोरानं फुलांची जीप ठरवली आहे, आता घोडी नको म्हणतो, आणि डीजे तर त्याच्या मित्रांचा आहे, तो काही बंद व्हायचा नाही. नाना आबांना म्हणाले, "भाऊ, तुमच्याबद्दल मनात होतं ते गेलं. पण या वेळी जमणार नाही." चहा आला, सोबत शेव. आबांनी चहा पूर्ण प्यायला. निघताना नानांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

परतीच्या बसमध्ये मी म्हटलं, "काही उपयोग झाला नाही."

"मन्हं नाव तर साफ झायं," आबा म्हणाले. बराच वेळ खिडकीबाहेर कपाशीची वावरं गेली. मग, "सकायले येशी ना?"

"आबा, पत्रकात छापलंय. बसणार नाही म्हणून."

"घोडीले पत्रक वाचता येत नही. तिले फिरनं पडस."

दुसऱ्या दिवसापासून मी जाते. बसत नाही. लगाम हातात धरून तिच्या बाजूनं पायी चालते, पांझरेच्या काठानं जाऊन येऊन तासभर. माझी चाल तिला संथ वाटते, ती खांद्यानं मला पुढे ढकलते. फाल्गुनात आबांना देवपुरातलीच दोन लग्नं मिळाली. ते आता आधी डीजेचं विचारतात. असेल तर नाही म्हणतात की काटे घालतात, हे मी विचारलेलं नाही. विचारणार आहे.

बागेतले ते निवृत्त गृहस्थ परवा काठावर भेटले. "बेटा," म्हणाले, "घोडी असून पायी?"

मी त्यांना सगळं सांगितलं. वेळ लागला. घोडीनं तोवर त्यांच्या पिशवीतली मेथीची जुडी अर्धी खाल्ली होती, आणि तिचं तोंड धरून ठेवणं माझंच काम होतं, म्हणून मी माफी मागितली, उरलेली जुडी परत केली आणि पुढे चालू लागले.