आक्काच्या आडातलं चंदन

आमच्या पंचायतीच्या भिंतीवर माझा एक फोटो आहे. हातात नारळ, पायाशी दगडगोट्यांनी सजवलेला शोषखड्डा आणि चेहऱ्यावर मुलगी दिल्यासारखा भाव. खाली कन्नडमध्ये ‘मादरी’ असं लिहिलंय. मादरी म्हणजे नमुना. मराठीत हा शब्द माणसालाही लावतात, त्यामुळं फोटोत चूक अशी काही नाही.

त्या खड्ड्यात सांडपाण्याचा एक थेंबही कधी गेला नव्हता. हे आज पहिल्यांदा लिहितोय.

आमचं गाव निपाणीजवळ, उतारावर. वर आमचं घर, खाली आक्काचं, तिच्याखाली ओढा, आणि ओढा पुढं वेदगंगेला मिळतो. नवी न्हाणी बांधली तेव्हा पंचायतीनं सांगितलं, सांडपाणी ओढ्यात सोडायचं नाही, परड्यात मुरवायचं. मी खणायला लागलो. गुडघाभर खाली पक्का मुरूम लागला आणि दुसऱ्या दिवशी साहेब बघायला यायचे होते. मी गोटे छान रचले, पाईप मात्र त्यांच्याखालनं पलीकडं जुन्या गटारीत सोडला. म्हटलं, दोन दिवसांनी नीट करू. आमच्याकडं दोन दिवस म्हणजे सहा वर्षं.

साहेब खड्ड्यात वाकून म्हणाले, “बघा, एक थेंब साचलेला नाही! पाणी कसं मुरतंय!”

“मुरतंय व्हय,” दारातनं बायको म्हणाली. “कुठं मुरतंय ते तेवढं इचारू नका.”

सगळे हसले. मीही हसलो, नारळासकट.

ते मुरत होतं आक्काच्या आडात. जुनी गटार नेमकी तिच्या आडाजवळ फुटलेली होती. आक्का म्हणजे आमच्या गल्लीतली सगळ्यात काटेकोर बाई. बोलणं मात्र आमच्याकडच्या सगळ्या बायकांसारखं, ‘मी करतो, मी सांगतो’चं. जैनाचं घर, पाणी दुहेरी फडक्यातनं गाळल्याशिवाय तोंडाला लावायची नाही, आणि फडक्यात अडकलेले बारीक जीव मरू नयेत म्हणून फडकं हलक्या हातानं आडातच पिळायची. नळाला आठवड्यातनं एकदा पाणी, म्हणून पिणंही आडाचंच.

वर्षभरात एक दिवस तिनं मला कुंपणापाशी बोलावून घेतलं. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाली, “कुणाला सांगू नकोस. आडाच्या पाण्याला चंदनाचा वास यालाय.”

आमच्या न्हाणीत चंदनाचा साबण होता.

“कुठल्यातरी झाडाचं मूळ आत शिरलंय बघ,” ती म्हणाली. “फॉरेस्टवाल्यांना कळलं तर आड धरून न्हेतील. तू कमी बोलणारा, म्हणून तुला सांगालोय.”

मी कमी बोललो. म्हणजे काहीच बोललो नाही. गुन्हा माझा, आणि गुपित राखायची जबाबदारीही माझ्यावरच. असा विश्वास माझ्यावर ना आधी कुणी टाकला, ना नंतर.

त्या दिवसापासनं आक्काच्या घरी पाणी प्यायचं मी बंद केलं. आमच्याकडं उंबऱ्याच्या आत पाऊल पडलं की हातात तांब्या येतो. वैऱ्याच्या घरीसुद्धा येतो. मी म्हणायचो, आत्ताच च्या झालाय. उपास आहे. दात ठणकतोय. एकदा तर डॉक्टरनं पाणी बंद केलंय म्हणून सांगितलं. मला सोडून सगळे प्यायचे. सगळ्यात जास्त आक्काच प्यायची.

एका लग्नानंतर ती चार दिवस अंथरुणाला खिळली. पोट बिघडलेलं. लग्नातल्या बुंदीला तिनं यथेच्छ शिव्या दिल्या. मी मोसंबी घेऊन बघायला गेलो आणि कोपऱ्यात बसून बुंदीला दुजोरा दिला. तो दुजोरा मला अजून सलतो. बुंदीचं होतं की माझं, देव जाणे. पण मी विचारलंही नाही, सांगितलंही नाही.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठनं येणार, असं म्हणतात. उलटं कुणी सांगत नाही, की आडात जे आहे ते कधी ना कधी पोहऱ्यात येतंच.

गेल्या वर्षी होळीनंतर एका रविवारी आक्कानं हाक मारली. आडाच्या कठड्यावर बसली होती, शेजारी भरलेला पोहरा.

“वास घे.”

मी वाकलो.

“कशाचा?”

“...फिनेल.”

“काल शनिवार होता,” आक्का म्हणाली. “दर शनिवारी फिनेल. रोज चंदन. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला उटणं. का रं, हे कसलं झाड म्हणायचं? ह्याला वारसुद्धा कळतात!”

माझ्या बायकोचा न्हाणी धुवायचा वार शनिवार, हे अख्ख्या गल्लीला माहीत. मग मी सगळं सांगितलं. गोटे, पाईप, साहेब, फोटो, बुंदी. सहा वर्षांचं एका दमात, उभ्यानं. आक्का ऐकून घेत होती.

“मला दिवाळीतच कळलंय,” ती शेवटी म्हणाली. “तवापासनं नळाचं पाणी भरून ठेवालोय. तू कधी सांगतोस ते बघत होतो.”

“मीच, हे कसं कळलं?”

“सगळं गाव माझ्या घरचं पाणी पितंय. एकट्या तुझाच दात दुखतोय.” मग पोहऱ्याकडं बघत म्हणाली, “मी एकेक जीव जपून आत सोडायचा, आणि तू वरनं फिनेल वतायचा. चांगली जोडी हाय आपली.”

शिक्षा तिनंच ठरवली. खड्डा मी स्वतः खणायचा, गवंडी नाही, मजूर नाही. जागा आडापासनं लांब, परड्याच्या दुसऱ्या टोकाला. धारवाडला शेतीचं शिकणारी माझी मुलगी फोनवरनं सांगत होती: कमरेएवढा गोल खड्डा, त्यात फांद्या, नारळाच्या शेंड्या, उसाचं पाचट, कडेच्या बांधावर केळी, अळू, कर्दळ. छपराचं पावसाचं पाणी उताराला आडव्या चरात अडवायचं.

“पप्पा, ह्याला पर्माकल्चर म्हणतात.”

“परमा कुणाचा गं?” आक्कानं फोनमध्ये तोंड घालून विचारलं. “आपल्या गल्लीतला दिसत न्हाय. आपल्यातल्यांना एवढी अक्कल न्हाय.”

आठ दिवस मी खणत होतो आणि आक्का खुर्ची टाकून बसलेली. “आणि वीतभर!” एवढाच मंत्र. हाताला फोड आले. जुना पाईप मी उपटून काढला, गटार बुजवली. चंदनाचा साबण आणि फिनेल घरातनं गेलं, रिठे आले. बायको म्हणाली, “सहा वर्षं मी सांगालोय, तवा तुमचं कान मुरमाचं होतं.”

पावसाआधी आक्कानं आड उपसून घेतला. पावसाळाभर चरात पाणी थांबलं, मुरलं. केळी माझ्या डोक्याच्याही वर गेल्या. तिच्या भाच्यानं आडाचं पाणी दोनदा तपासून आणलं, आणि मग दसऱ्याला सोनं द्यायला मी तिच्या उंबऱ्याच्या आत गेलो.

आक्कानं पोहरा काढला, पाणी गाळलं, फडकं आडात पिळलं. तांब्या माझ्यासमोर आला.

“आक्का, आत्ताच च्या...” सवयीनं तोंडातनं निघून गेलं.

ती तांब्या तिथंच धरून उभी.

मी प्यालो. गटागटा, शेवटपर्यंत.

“कशाचा वास?”

“कशाचाच न्हाय.”

तिनं तांब्या परत घेतला, भरला आणि पुन्हा पुढं केला.

“घे. सहा वर्षांची तहान हाय तुझी.”