सारं माफ
कापसाच्या वासाने मला अजून गुदमरतं. भाव नव्हता म्हणून त्या साली तो ओसरीवरच साठवलेला होता, आणि माझी मंदबुद्धी धाकटी बहीण दिवसभर त्यात लोळायची. एका दुपारी मात्र ती ओढणी डोक्यावर घेऊन, अरबी मुळाक्षरांचा माझा जुना कायदा छातीशी धरून, अम्मीसोबत आमच्या मदरशात आली. शिकवणाऱ्या आपांनी तिच्या केसांतला कापूस मायेने वेचला आणि त्या अम्मीला म्हणाल्या, “अल्लानं हिले नमाज, रोजा, सारं माफ केलं हाय. शिकवून कायले तरास देता?” पोरी हसत होत्या, मला सुटल्यासारखं झालं. बहीण कायदा सोडेना. तो मीच तिच्या हातून ओढून घेतला. आता तिथे मी शिकवते. काल एक बाई तशीच पोर घेऊन आली. पोरीच्या केसांवरून हात फिरवत मी तेच बोलले.